शाळकरी मुलांची बद्धकोष्ठता : कारणे व निदान

१. विषयप्रवेश

आरोग्यशिक्षणाचा तास म्हटला म्हणजे दात, नखे, केस व हात यांच्या स्वच्छतेपाशी आपण बहुधा थांबतो. मुलाच्या पोटाची चौकशी करणे हे आईचे किंवा डॉक्टरांचे काम, अशी आपली समजूत असते. परंतु पहिली ते पाचवीतील मूल दिवसाचे सहा-सात तास शाळेत असते. त्या वेळात त्याला शौचाची कळ आली, तर उठावे की बसून राहावे हे ठरवणे त्याच्या हाती नसते, ते आपल्या हाती असते. एवढ्या एका गोष्टीमुळे हा विषय शिक्षकाचा होतो.

बद्धकोष्ठता हा मुलांमधील अतिशय सामान्य विकार आहे. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्या एकत्र केल्या असता दर दहा मुलांत सुमारे एका मुलास तो असल्याचे दिसून येते. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले असणे संभवनीय आहे. ती कोणती, हे मात्र आपणांस ठाऊक नसते. कारण मूल लाजेने बोलत नाही आणि पालकांना ही गोष्ट सांगण्याजोगी वाटत नाही. पोट दुखते म्हणून वारंवार घरी जाणारे, दुपारनंतर चिडचिडे होणारे, जेवण टाकणारे, चड्डीस वास येतो म्हणून इतरांनी दूर बसवलेले मूल आपण पाहतो. पण या सर्वांच्या मुळाशी एकच कारण असू शकेल, हे ध्यानात येत नाही.

प्रस्तुत पाठात हा विकार कसा जडतो, तो कसा ओळखावा आणि शिक्षकाने आपल्या मर्यादेत राहून काय करावे, याचा क्रमाने विचार केला आहे. औषधयोजना हा शिक्षकाचा प्रांत नव्हे. मात्र कारणांपैकी सर्वांत मोठे कारण शाळेच्या आवारातच असते व ते दूर करणे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

२. शरीरात काय घडते

प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर व मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. अन्नातील सत्त्व लहान आतड्यात शोषले जाते. उरलेला पातळ भाग, प्रौढाच्या बाबतीत दिवसाकाठी सुमारे दीड लिटर, मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे त्यातील बहुतेक पाणी शोषून घेतले जाते व शेवटी मळाबरोबर शंभर-दोनशे मिलिलिटर एवढेच पाणी बाहेर पडते. यावरून एक साधा नियम निघतो : मळ आत जितका अधिक काळ राहील, तितका तो अधिक कोरडा व कठीण होईल.

मोठ्या आतड्याच्या शेवटी मलाशय असते. मळ तेथे उतरला की त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि कळ येते. गुदद्वारापाशी स्नायूंची दोन वलये आहेत. आतले वलय आपल्या इच्छेवर अवलंबून नसते. मलाशय ताणले गेले की ते आपोआप सैल पडते. बाहेरचे वलय मात्र आपल्या स्वाधीन असते. वेळ व जागा सोयीची नसेल तर मनुष्य ते आवळून धरतो. थोड्या वेळाने मलाशयाची भिंत ढिली पडते व कळ नाहीशी होते. मुलास वाटते, संकट टळले. वस्तुतः मळ तेथेच असतो आणि त्यातील पाणी कमी होत असते.

आणखी एक गोष्ट शिक्षकाने विशेष लक्षात ठेवावयास हवी. पोटात अन्न गेले म्हणजे मोठ्या आतड्यास चालना मिळते. जेवणानंतर थोड्याच वेळात, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर व दुपारच्या जेवणानंतर, शौचाची कळ येणे हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. आता शाळेतील नित्याचा प्रसंग पाहा. दुपारचा आहार झाला, घंटा वाजली, तास सुरू झाला आणि दहा मिनिटांत एक मूल दोन बोटे वर करते. आपण म्हणतो, "आत्ताच तर सुट्टी झाली; तेव्हा का गेला नाहीस?" मुलाने तेव्हा न जाण्याचे कारण एवढेच, की तेव्हा त्यास कळ नव्हती. ती जेवणामुळे आता आली आहे. आपला प्रश्न शिस्तीच्या दृष्टीने रास्त वाटला तरी शरीराच्या नियमास धरून नाही.

आपल्या पूर्वसूरींनी ही गोष्ट ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'नवेगान्धारणीय' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. अडवू नयेत असे तेरा वेग त्यात सांगितले असून मळाचा वेग हा त्यांपैकी एक आहे.

३. बद्धकोष्ठता कशास म्हणावे

'रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, नाहीतर बद्धकोष्ठता' ही समजूत बरोबर नाही. एखादे मूल दिवसातून दोनदा जाते, दुसरे एक दिवसाआड जाते. मळ मऊ असेल, त्रास होत नसेल व मूल आनंदी असेल, तर दोघेही निरोगी समजावेत. उलटपक्षी, रोज शौचास जाणारे मूलही बद्धकोष्ठतेने पीडित असू शकते. कारण रोज थोडासा खडा पडतो व बाकीचा मळ आत साचत राहतो. म्हणून केवळ दिवस मोजून निदान होत नाही. मळाचे स्वरूप, तो बाहेर पडताना होणारा त्रास व मुलाचे वर्तन या तिन्हींकडे पाहावे लागते.

मळाचे स्वरूप सांगण्यासाठी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील वैद्यांनी १९९७ साली सात प्रकारांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. तो आज जगभर वापरला जातो. आपल्याकडील भाषेत तो असा सांगता येईल :

पहिला प्रकार – शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे, कठीण खडे.
दुसरा – लेंड्या एकमेकींना चिकटून झालेला ओबडधोबड, जाड मळ.
तिसरा – लांबट, पण वरून तडे गेलेला.
चौथा – पिकलेल्या केळ्यासारखा गुळगुळीत व मऊ.
पाचवा – मऊ, सुटे तुकडे.
सहावा – विस्कळीत, लगद्यासारखा.
सातवा – पाण्यासारखा पातळ.

पहिले दोन प्रकार बद्धकोष्ठतेचे, तिसरा व चौथा निरोगी आणि शेवटचे दोन अतिसाराकडे झुकणारे समजतात. मुलास 'पोट साफ होते का?' असे विचारले तर ते 'हो' म्हणून मोकळे होते. पण 'लेंड्यांसारखे होते की केळ्यासारखे?' असे विचारले तर खरे उत्तर मिळते.

४. कारणे

(अ) वेग अडवणे : शंभर बद्धकोष्ठ मुलांपैकी नव्वदांहून अधिक मुलांच्या शरीरात कोणताही दुसरा रोग सापडत नाही. त्यांचा विकार सवयीतून जडलेला असतो आणि त्या सवयीचा आरंभ बहुतेक वेळा कळ अडवण्यापासून होतो. मूल कळ का अडवते? शाळेचे शौचालय घाण असते, त्यात पाणी नसते, दाराला कडी नसते, आत अंधार असतो, मोठी मुले बाहेरून दार ठोठावतात, अथवा शौचालयाची किल्ली कार्यालयात असते व ती मागण्यास मूल लाजते. मुलींच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. शौचालयास जावे लागू नये म्हणून कित्येक मुली शाळेत पाणीच पीत नाहीत.

येथे थोडे अंकगणित करून पाहावे. दुपारची सुट्टी पस्तीस मिनिटांची आहे, वापरण्याजोगे शौचालय एकच आहे व प्रत्येक मुलास पाच मिनिटे लागतात असे धरले, तर पूर्ण सुट्टीत सातच मुले जाऊ शकतील. आणि त्याच सुट्टीत त्यांनी जेवणही करावयाचे आहे. म्हणून 'सुट्टीतच जावे' हा नियम पाळणे बहुसंख्य मुलांना शक्यच नसते.

(आ) दुखणे व भीती : एकदा मळाचा खडा झाला की तो बाहेर पडताना गुदद्वारास चीर पडते, वेदना होतात, कधी रक्ताचा थेंब दिसतो. मूल ते विसरत नाही. पुढच्या वेळी कळ आली की ते भीतीने आवळून धरते. त्यामुळे मळ अधिक कठीण होतो, पुढची वेदना अधिक होते व भीती आणखी वाढते. हे दुष्टचक्र एखाद्या तापाच्या आजारानंतर, प्रवासानंतर किंवा शाळेत नव्याने दाखल झाल्यानंतर सुरू होते आणि योग्य वेळी तोडले नाही तर वर्षानुवर्षे चालते. मलाशय सतत भरलेले राहिल्याने त्याच्या भिंती सैलावतात व पुढे मुलास कळ आल्याचे समजतही नाही.

(इ) आहार : धान्याचा कोंडा, कडधान्यांची साले, भाज्यांच्या शिरा व फळांचा गर यांत जे तंतू असतात त्यांस आपण चोथा म्हणतो. चोथा पचत नाही. तो पाणी धरून ठेवतो व मळास मऊपणा आणि आकार देतो. ब्रिटनमध्ये जन्मभर मैद्याचा पाव खाणाऱ्यांच्या व आफ्रिकेतील खेड्यांत भरड धान्य व कंद खाणाऱ्यांच्या मळाची तुलना डेनिस बर्किट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व ती १९७२ साली प्रसिद्ध केली. खेड्यातील लोकांच्या मळाचे वजन अधिक होते व अन्न त्यांच्या पोटातून लवकर पुढे सरकत होते.

आपला परंपरागत आहार या दृष्टीने उत्तम आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार दर १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत व नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो. मैद्यात व सडलेल्या तांदळात तो ३ ग्रॅमहून कमी असतो. मुलास रोज किती चोथा लागतो, याचा सोपा हिशेब म्हणजे वयाच्या वर्षांत पाच मिळवावेत. आठ वर्षांच्या मुलास सुमारे १३ ग्रॅम हवा. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी व शंभर ग्रॅमचा एक पेरू एवढ्यानेच तो जवळजवळ भरून निघतो. परंतु सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे किंवा खारी, मधल्या वेळेस पुड्यातील कुरकुरीत पदार्थ आणि दुपारच्या खिचडीतून वेचून ताटाच्या कडेस ठेवलेली भाजी, असा दिवस गेला तर तो कोठून भरणार? लहान वयात केवळ दुधावर भर देऊन जेवण टाळणाऱ्या मुलांतही हा विकार पुष्कळदा दिसतो.

(ई) पाणी व हालचाल : उन्हाळ्यात घाम जातो, पाणी कमी पडते व शरीर आतड्यातील पाणी अधिक शोषून घेते. म्हणून तहान भागेल इतके पाणी मुलास मिळालेच पाहिजे. मात्र गरजेहून जास्त पाणी पाजल्याने जुनी बद्धकोष्ठता बरी होत नाही, हेही लक्षात ठेवावे. धावण्याखेळण्याने आतड्यांची हालचाल सुधारते; खेळाचा तास रद्द करण्याची शिक्षा या कारणासाठीही अयोग्य आहे.

(उ) दिनक्रमातील बदल : शनिवारची सकाळची शाळा, लांबच्या वस्तीवरून पायी यावे लागणे, आई पहाटेच कामावर जाणे अशा कारणांनी सकाळची निवांत दहा मिनिटे नाहीशी होतात. ऊसतोडणीसाठी कुटुंबाबरोबर जाणाऱ्या मुलांच्या वाट्यास तर महिनोन्महिने शौचाची ठरलेली जागाही येत नाही. अशी मुले हंगाम संपवून परत आली की त्यांची चौकशी अधिक आस्थेने करावी.

(ऊ) औषधे : लोहाच्या गोळ्यांनी क्वचित मळ कठीण होतो. शाळेत आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या गोळीने मळाचा रंग काळसर होणे स्वाभाविक आहे. एवढ्यावरून गोळी बंद करू नये. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, फिट्सवरील काही औषधे यांनीही बद्धकोष्ठता होते. मूल कोणते औषध घेत आहे, हे म्हणून विचारावे.

(ए) अंगचे रोग : थोड्या मुलांत मात्र खरोखर रोग असतो. सुमारे पाच हजार जन्मांत एका बालकाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसतात व तो भाग सैल पडू शकत नाही. हर्षस्प्रुंग या डॅनिश वैद्यांनी १८८६ साली या विकाराचे वर्णन केले व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अशा बालकास जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत काळी शी होत नाही, पोट फुगते. याशिवाय कंठग्रंथीचा (थायरॉइडचा) स्राव कमी असणे, मज्जारज्जूचे व्यंग, गव्हातील ग्लुटेन न सोसणे, शिसे पोटात जाणे ही कारणेही असतात. त्यांची निवड डॉक्टरांनीच करावयाची असते.

५. निदान

(अ) वैद्यकीय निकष : मुलांच्या बद्धकोष्ठतेचे निदान करण्यासाठी डॉक्टर आज २०१६ साली सुधारलेले 'रोम निकष' वापरतात. चार वर्षांवरील मुलाच्या बाबतीत पुढील सहांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी, आठवड्यातून किमान एकदा याप्रमाणे महिनाभर आढळल्या व दुसरा रोग नसल्याची खात्री झाली, तर ही सवयीची बद्धकोष्ठता समजतात :

१. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा शौचास होणे.
२. आठवड्यातून किमान एकदा चड्डी मळाने खराब होणे.
३. मळ अडवून धरण्याची सवय किंवा तशी शरीराची ठेवण.
४. शौचाचे वेळी दुखणे किंवा मळ कठीण असणे.
५. मलाशयात मळाचा मोठा गोळा असणे.
६. शौचकूप तुंबेल इतका जाड मळ पडणे.

यांतील पाचवी गोष्ट डॉक्टरच तपासू शकतात. बाकीच्या पाच गोष्टी मात्र विचारपूस व निरीक्षण यांनीच कळतात. बहुसंख्य मुलांत क्ष-किरण चित्र किंवा रक्ततपासणी लागत नाही. मुलाची नीट मिळालेली हकीकत हेच निदानाचे मुख्य साधन होय, आणि त्या हकीकतीचा शाळेतील भाग शिक्षकावाचून कोण सांगणार?

(आ) वर्गातील निरीक्षण : मूल मळ अडवते तेव्हा त्याचे अंग बोलते. ते एकाएकी लिहिणे थांबवते, पायावर पाय आवळून उभे राहते, टाचा उंचावते, बाकाच्या कडेस घट्ट बसते, कोपऱ्यात जाऊन ताठरते, चेहरा लाल होतो, आणि काही क्षणांनी पुन्हा खेळू लागते. पाहणाऱ्यास वाटते, मूल कुंथते आहे किंवा चाळे करते आहे. प्रत्यक्षात ते मळ बाहेर टाकण्यासाठी नव्हे, तर आत ठेवण्यासाठी झटत असते.

(इ) फसवे चिन्ह : या विषयातील सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. समजा, तिसरीतील एका मुलाची चड्डी आठवड्यातून दोन-तीनदा खराब होते. इतर मुले नाक धरतात. शिक्षकास वाटते, मूल आळशी आहे; आईस वाटते, त्यास हगवण लागली आहे, म्हणून ती जुलाब थांबवणारे औषध देते. परंतु अशा मुलांपैकी बहुतेकांच्या मलाशयात कठीण मळाचा मोठा गोळा अडकलेला असतो व त्याच्या कडेने वरचा पातळ मळ नकळत झिरपतो. ताणून सैल पडलेल्या मलाशयास त्याची जाणीव होत नाही. म्हणजे जे जुलाबासारखे दिसते ती वस्तुतः बद्धकोष्ठता असते. येथे जुलाब थांबवण्याचे औषध दिले तर रोग वाढतो, आणि मुलास शिक्षा केली तर ज्या गोष्टीवर त्याचा ताबाच नाही तिच्यासाठी ती होते. मूल 'मला कळलेच नाही' असे म्हणते, तेव्हा ते बहुधा खरे बोलत असते.

भरलेले मलाशय मूत्राशयावर दाब देते. त्यामुळे वारंवार लघवीस जाणे, वर्गात किंवा अंथरुणात लघवी होणे, मुलींना लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग होणे हेही पुष्कळदा याच विकाराचे दूरचे परिणाम असतात. भूक मंदावणे, बेंबीभोवती दुखणे व शौचास झाल्यावर ते थांबणे, हीही चिन्हे होत.

(ई) धोक्याची चिन्हे : पुढीलपैकी काही आढळल्यास वाट न पाहता मुलास डॉक्टरांकडे पाठवावे – जन्मापासूनच त्रास असणे, पोट फार फुगणे, हिरवी किंवा वारंवार उलटी, मळात पुष्कळ रक्त, वजन घटणे किंवा उंची न वाढणे, ताप, पायांत अशक्तपणा किंवा चालण्यात बदल, पाठीच्या खालच्या भागी खळगा किंवा केसांचा झुपका. तसेच पूर्वी व्यवस्थित असलेल्या मुलाच्या सवयी एकाएकी बिघडल्या व ते एखाद्या व्यक्तीस किंवा जागेस भिऊ लागले, तर त्याच्यावर अत्याचार होत नसल्याची खात्री करणे आवश्यक आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास ती माहिती पोलिसांस देणे २०१२ च्या बाल लैंगिक अपराध प्रतिबंधक कायद्यान्वये बंधनकारक आहे.

६. शिक्षकाने काय करावे

१. परवानगी : शौचास जाण्याची परवानगी मागितल्यावर ती ताबडतोब द्यावी. कोणी गैरफायदा घेईल ही शंका खोटी नाही. परंतु एखाद्याने पाच मिनिटे बुडवली तर तेवढाच पाठ बुडतो, एखाद्याची कळ अडवली तर वर्षभराचा विकार जडू शकतो. ज्या मुलांस मागण्याची लाज वाटते त्यांच्यासाठी दाराशी एक पाटी किंवा लाकडी ठोकळा ठेवावा. तो उचलून बाकावर ठेवावा व निमूटपणे जावे.

२. शौचालय : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र शौचालये असणे आवश्यक आहे, सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१२ मध्ये सहा महिन्यांत ती पुरवण्याचा आदेश राज्यांस दिला होता. पुष्कळ ठिकाणी इमारत उभी आहे. उणीव असते ती पाणी, कडी, उजेड व साबण यांची. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा स्वतः आत जाऊन, दार लावून, लहान मुलाच्या उंचीवरून सर्व पाहावे. कडीपर्यंत हात पोहोचतो का? बादली उचलता येते का? आढळलेल्या उणिवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे लेखी मांडाव्यात. उकिडवे बसण्याचे शौचकूप शौचास सोयीचे असते. खुर्चीवजा शौचकूप असल्यास लहान मुलाचे पाय लोंबकळू नयेत म्हणून पायांखाली पाट ठेवावा.

३. पाण्याची घंटा : केरळमधील शाळांत २०१९ साली केवळ पाणी पिण्यासाठी घंटा देण्याची प्रथा सुरू झाली व ती इतरत्रही पसरली. आपल्या शाळेतही दिवसातून दोन-तीनदा अशी घंटा द्यावी.

४. आहार : पोषण आहाराच्या नियमानुसार पहिली ते पाचवीच्या मुलास रोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास ७५ ग्रॅम भाजी मिळावयाची असते. ती शिजते का, एवढेच न पाहता पोटात जाते का, हेही पाहावे. परसबागेत शेवगा, पालक, मेथी, गवार लावल्यास मुले स्वतः पिकवलेली भाजी आवडीने खातात, हा पुष्कळ शाळांचा अनुभव आहे.

५. पालकांशी बोलणे : संशय आल्यास पालकांस एकांतात भेटावे. मुलीच्या बाबतीत शिक्षिकेने किंवा आशाताईंनी बोलणे बरे. मुलास दोष न देता काय दिसले ते सांगावे व प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्याचा सल्ला द्यावा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा आपल्या टिपणातील मुले आवर्जून दाखवावीत. रोज सकाळी व जेवणानंतर पाच-दहा मिनिटे घाई न करता मुलास शौचास बसवण्याची सवय घरी लावण्यास सांगावे.

काय करू नये, हेही तितकेच स्पष्ट असावे. शाळेत रेचक देऊ नये. महिन्यातून एखाद्या रविवारी मुलांना एरंडेल पाजण्याची जुनी चाल काही घरांत अद्याप आहे. एरंडेलाने पोटात कळा येतात, एक दिवस जुलाब होतात व मूळ सवय तशीच राहते. इसबगोल पुरेशा पाण्यावाचून दिल्यास ते आतच अडकण्याचा धोका असतो. साबणाची कांडी किंवा घरगुती बस्ती देऊ नये. त्याने मुलाची भीती दुणावते. साचलेला मळ काढून झाल्यावरही मळ मऊ ठेवणारे औषध डॉक्टर किमान दोन महिने व पुष्कळदा त्याहून अधिक काळ देतात. 'बरे वाटले' म्हणून पालक ते मध्येच सोडतात व रोग उलटतो. अशा वेळी शिक्षकाचा एक शब्द उपयोगी पडतो. सर्वांत शेवटी, चड्डी खराब झालेल्या मुलास वर्गासमोर लाजवू नये. शाळेत एक-दोन धुतलेल्या चड्ड्या व एक बादली ठेवावी आणि काही घडलेच नाही अशा सहजतेने मुलास स्वच्छ करून पुन्हा वर्गात बसवावे.

७. वर्गपाठाची रूपरेषा

इयत्ता : चौथी व पाचवी. वेळ : ३५ मिनिटे.

साहित्य : मैदा, ज्वारीचे पीठ, बारीक चाळणी, ओल्या मातीचे दोन गोळे, फळ्यावर आतड्यांची साधी आकृती.

पूर्वतयारी : आदल्या दिवशी सारख्या मातीचे दोन गोळे करून एक ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत व दुसरा उन्हात ठेवावा.

प्रयोग पहिला : मैदा व ज्वारीचे पीठ चाळून चाळणीवर काय उरते ते मुलांस दाखवावे. ज्वारीचा कोंडा पाण्यात भिजवून तो कसा फुगतो ते पाहू द्यावे.

प्रयोग दुसरा : दोन्ही गोळे मुठीत दाबून पाहण्यास सांगावे. ओला गोळा हवा तो आकार घेतो. वाळलेला गोळा कठीण राहतो, त्यास तडे जातात. 'एकच माती, मग फरक कशाने पडला?' या प्रश्नातून 'जितका उशीर, तितका कोरडेपणा' हा नियम मुलांकडूनच काढून घ्यावा.

निष्कर्ष : कळ आली की जावे, भाकरी, भाजी व फळ खावे, तहान लागली की पाणी प्यावे, दुखले तर मोठ्यांस सांगावे. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याचा सराव घेऊन पाठ संपवावा.

सूचना : हा पाठ घेताना मुले हसतील. त्यांस रागावू नये. शिक्षकाने 'शौच', 'मळ' हे शब्द 'नदी', 'डोंगर' या शब्दांइतक्याच सहजतेने उच्चारले, म्हणजे हसू आपोआप थांबते. कोणत्याही मुलाचे उदाहरण नाव घेऊन देऊ नये.

८. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत मुलांची संख्या किती, वापरण्याजोगी शौचालये किती व दुपारची सुट्टी किती मिनिटांची? वरील पद्धतीने हिशेब करून पाहा.

२. रोज शौचास होणाऱ्या मुलासही बद्धकोष्ठता कशी असू शकते?

३. चड्डी खराब होणाऱ्या मुलास जुलाब थांबवण्याचे औषध देणे का घातक आहे, हे पालकांस आपण कोणत्या शब्दांत समजावून द्याल?

४. एक आठवडा परवानगी मागणाऱ्या प्रत्येक मुलास ताबडतोब जाऊ द्यावे व कोणत्या वेळी किती मुले गेली याची नोंद ठेवावी. जेवणानंतरच्या तासात ही संख्या वाढलेली दिसते काय? त्यावरून शाळेच्या वेळापत्रकात कोणता बदल सुचवाल?